मंडळाच्या देणगीतून आयसीयूला प्रोकॅल्सिटोनिनचं मशीन द्यावं का?

कातळसडा:

आमच्या तालुक्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात सहा खाटांचं आयसीयू आहे, तिथे मी फिजिशियन आहे. गावच्या मुंबई मंडळाने यंदा गणपतीच्या आधी आयसीयूला एक यंत्र द्यायचं ठरवलंय. त्यांच्या यादीत सगळ्यात वर आहे रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या इन्फेक्शनमध्ये वाढणारा पदार्थ), म्हणजे आम्ही ज्याला पीसीटी म्हणतो, ते मोजणारं मशीन. ‘या एका टेस्टने सेप्सिस लगेच कळतो’ असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. मंडळाची भावना मोलाची आहे, पण या खरेदीला माझा विरोध आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या आयसीयूंपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

लावणीनंतरच्या दिवसांत आमच्याकडे येणारा नेहमीचा पेशंट असा: चार दिवस ताप, बीपी 80, लघवी जेमतेम, डोळे पिवळट, प्लेटलेट 40 हजार. हा लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा जिवाणूंचा ताप) असू शकतो, स्क्रब टायफस (बारीक कीड चावून होणारा जिवाणूंचा ताप) असू शकतो, फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा गंभीर प्रकार, किंवा डेंग्यू असू शकतो, नाहीतर न्यूमोनिया किंवा लघवीचं इन्फेक्शन अंगभर पसरलेलं असू शकतं. आता पीसीटी 14 आलं, म्हणजे भरपूर चढलेलं. काय कळलं? लेप्टोत ते वाढतं, स्क्रब टायफस बळावला की वाढतं, आणि मलेरिया जिवाणूंचा आजार नसूनही फाल्सिपेरममध्ये भरपूर वाढतं. औषधं मात्र वेगवेगळी. सेफ्ट्रियाक्सोन लेप्टोवर चालतं, स्क्रब टायफसवर चालत नाही. मलेरियाला आर्टेसुनेटच हवं. 14 हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

मुळात सेप्सिस म्हणजे काय? 2016 च्या व्याख्येप्रमाणे इन्फेक्शनला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणं. त्यासाठी सोफा स्कोअर लावतात आणि त्यात बघतात ऑक्सिजन, प्लेटलेट, बिलिरुबिन, बीपी, शुद्ध आणि क्रिएटिनिन. पीसीटी त्यात नाही, सीआरपी ही सूज दाखवणारी रक्तचाचणीही नाही.

2013 मध्ये 30 अभ्यासांतल्या 3,244 पेशंटांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा पीसीटीची संवेदनशीलता 77 टक्के आणि विशिष्टता 79 टक्के निघाली. म्हणजे खरोखर सेप्सिस असलेल्या 100 जणांतले 23 सुटून जातात, आणि नसलेल्या 100 जणांतले 21 उगाच अडकतात. मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं, हृदय बंद पडून परत सुरू झालेलं असणं, किडनी निकामी होणं, यातही पीसीटी चढतं. म्हणूनच 2021 च्या आंतरराष्ट्रीय सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवायला पेशंटच्या तपासणीत पीसीटीची भर घालू नका.

ही टेस्टच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला ती कामाची आहे, आणि त्याच सूचनांत तेही लिहिलंय. नेदरलँड्समधल्या 2016 च्या मोठ्या चाचणीत पीसीटी सर्वोच्च पातळीपासून 80 टक्के उतरलं किंवा 0.5 च्या खाली आलं की औषध थांबवा असा सल्ला दिला गेला. औषधाचे दिवस 7 वरून 5 वर आले, आणि 28 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 25 टक्क्यांऐवजी 20 टक्के राहिलं. पण त्या कामासाठी मशीन दारात कशाला हवं? सकाळी काढलेला नमुना जिल्ह्याला जाऊन संध्याकाळी रिपोर्ट आला तरी भागतं. औषध थांबवायला चार तास उशीर झाला म्हणून कुणी दगावत नाही. सुरू करायला उशीर झाला तर दगावतो.

म्हणून माझं मत: मंडळाने पैसे लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा पुरतोय का हे सांगणारा आकडा) दाखवणाऱ्या ब्लड गॅस मशीनवर आणि ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू उगवून बघायच्या बाटल्यांवर घालावेत.

करूळघाट:

सर, तुमचं आयसीयू सहा खाटांचं आहे, मी दोन खाटांवर काम करतो, घाटाच्या पायथ्याशी. तुमचे बरेचसे मुद्दे पुस्तकाला धरून आहेत, तरीही निष्कर्ष मला मान्य नाही.

पहिली गोष्ट. तुम्ही सगळा विचार बीपी 80 असलेल्या पेशंटचा केलात. त्याला पीसीटी लागत नाही हे मलाही कळतं. माझ्याकडे त्या एकामागे वीस असे येतात ज्यांचं बीपी ठीक आहे, ताप 103 आहे, अंग मोडून आलंय आणि प्लेटलेट 90 हजार आहेत. यातले बरेच डेंग्यू. हातात दुसरं काही नसलं की सगळ्यांना सेफ्ट्रियाक्सोन लागतं. लोक लावतातच, तालुक्यातला कुठलाही केसपेपर उघडून बघा. अशा वेळी पीसीटी 0.1 आलं तर अँटिबायोटिक न देता 12 तास वाट बघायची हिंमत होते. मला कमी आलेला आकडा हवाय, तुम्ही जास्त आलेल्या आकड्यावरच बोलताय.

दुसरी. तुम्ही कल्चरच्या बाटल्या मागताय. लेप्टो आणि स्क्रब टायफस, दोन्ही नेहमीच्या कल्चर बाटलीत उगवत नाहीत. आपले धडधाकट शेतकरी ज्या आजारांनी जातात तेच नेमके बाटलीत दिसणार नाहीत, तर त्या बाटल्यांचं मी काय करू?

तिसरी गोष्ट पुस्तकात नाही. रात्री दीड वाजता नातेवाइकांना सांगायचं की कोल्हापूरला न्या. पावसात घाट, दरडीची भीती, गाडीचे पैसे. ‘सकाळी बघू’ हे उत्तर ठरलेलं. कागदावर 0.5 च्या जागी 22 लिहिलेलं दाखवलं की गाडी निघते. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

सुरंगी:

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. दोन्ही डॉक्टरांनी माझं ऐकावं ही विनंती.

पेशंट बिघडतोय हे आम्हाला रिपोर्टच्या आधी कळतं, पण लिहिलं जात नाही. चार्टवर श्वास सगळ्यांचे 20. बाई बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबतेय, मानेच्या शिरा ओढल्या जातायत, आणि कागदावर 20. पूर्ण मिनिट पोटाकडे बघून मोजलं की 34 येतात. याला मशीन लागत नाही, पण एका सिस्टरकडे बारा पेशंट असले की तो एक मिनिट मिळत नाही.

दुसरं, बोटाचं पेर दाबून बघणं. काचेच्या स्लाइडने पेर पांढरं पडेपर्यंत दाबायचं, दहा सेकंद धरायचं, सोडलं की रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांच्या वर गेलं की गडबड. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत 2019 मध्ये सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळलेल्या पेशंटांवर याची तुलना लॅक्टेटशी केली होती. बोट बघून उपचार केलेल्यांत 28 दिवसांत 34.9 टक्के गेले, लॅक्टेट बघून केलेल्यांत 43.4 टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, हे मला माहीत आहे. पण बोट दाबणं लॅक्टेटपेक्षा मागे नक्कीच पडलं नाही, आणि त्याला मशीनचं कार्ट्रिज लागत नाही.

पीसीटीचं मशीन आलं की आम्हाला निरोप येणार, ‘सिस्टर, रिपोर्ट आला की कळवा.’ तोपर्यंत पेशंटजवळ कोण आहे? माझी भीती ही आहे.

वाशिष्ठी:

चिपळुणात लॅब चालवतो, पॅथॉलॉजिस्ट. मशीन विकत नाही, टेस्ट करतो, त्यामुळे माझा हितसंबंध आधीच सांगून टाकतो.

मंडळ नेमकं काय घेतंय ते आधी विचारा. ‘पीसीटी मशीन’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक कार्ड असतं, रक्ताचा सीरम टाकायचा आणि अर्ध्या तासाने रेघेच्या रंगावरून पट्टा वाचायचा: 0.5 च्या खाली, 0.5 ते 2, 2 ते 10, आणि 10 च्या वर. दुसरं खरं अ‍ॅनालायझर, ते आकडा देतं. कातळसडा सर म्हणतात तो 80 टक्के उताराचा नियम कार्डावर चालतच नाही. पेशंटचं पीसीटी 60 वरून 12 वर आलं, म्हणजे बरोबर 80 टक्के उतरलं, तरी कार्ड दोन्ही दिवशी ‘10 च्या वर’ म्हणणार. तुम्ही औषध चालू ठेवणार. उलट करूळघाट डॉक्टरांना हवंय ते, 0.5 च्या खाली आहे की नाही, एवढं कार्ड बऱ्यापैकी सांगतं. म्हणजे तुम्हा दोघांच्या गरजा दोन वेगळ्या वस्तूंच्या आहेत.

कल्चरबद्दलही. बाटल्या फुकट दिल्या तरी रक्त कोण भरणार? मोठ्या माणसाला एका बाटलीत 8 ते 10 मिली हवं, दोन हातांतून दोन-दोन बाटल्यांचे दोन सेट, म्हणजे जवळजवळ 40 मिली. माझ्याकडे येणाऱ्या बाटल्यांत बहुतेक वेळा 3 मिली असतं, कारण नातेवाईक म्हणतात ‘आधीच अशक्तपणा, त्यात एवढं रक्त कशाला’. कातडीवरचं क्लोरहेक्सिडीन वाळायच्या आत सुई जाते आणि मग कातडीवरचे जंतू उगवतात. भरलेल्या बाटल्या बर्फात घालून पाठवतात हा तर नेहमीचाच प्रकार. बाटली गार करायची नसते, खोलीच्या तापमानात पाठवायची असते. एवढं सगळं व्यवस्थित झालं तरी सेप्सिसच्या निम्म्याहून जास्त पेशंटांत कल्चर निगेटिव्हच येतं. बाटल्यांचा आग्रह धरा, पण त्यांच्याबरोबर शिकवणं आणि गाडी हेही धरा.

भिरंड:

मूळ दापोलीचा, सध्या मुंबईत मेडिसिनचा रेसिडेंट.

चर्चा पीसीटीपाशी अडकलीय. हा 1993 मध्ये पहिल्यांदा सेप्सिसशी जोडला गेलेला मार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारा रक्तातला पदार्थ आहे. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय. प्रेसेप्सिन आहे, इंटरल्यूकिन-6 आहे. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एमडीडब्ल्यू, म्हणजे मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकारमानातली तफावत. ती साध्या सीबीसीबरोबर निघते. अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये तिला इमर्जन्सीत आलेल्या प्रौढ पेशंटांसाठी मान्यता दिली. वेगळी सुई नाही, वेगळा नमुना नाही. आणि 2021 मध्ये तिथेच अशा एका टेस्टला मान्यता मिळाली जी पांढऱ्या पेशींतल्या जनुकांची हालचाल बघून तासाभरात सांगते की हा सेप्सिस आहे की इन्फेक्शनविना आलेली सूज. एका मार्करची मर्यादा म्हणजे सगळ्या रक्तचाचण्यांची मर्यादा, असं लिहिलं जातंय ते मला खटकतं. कोकणातल्या पेशंटला नवीन काही मिळूच नये का?

कातळसडा:

भिरंड, मिळावं. पण 2020 मध्ये एका आढाव्यात मोजदाद झाली, तेव्हा सेप्सिसचे मार्कर म्हणून अभ्यासलेले 258 पदार्थ निघाले. त्याच्या दहा वर्षं आधी त्याच लेखकांच्या मोजणीत 178 होते. यादी वाढत गेली, खाटेजवळ रोज वापरले जाणारे मात्र हाताच्या बोटांवर. एमडीडब्ल्यू ठरावीक कंपनीच्या सीबीसी मशीनवरच निघतं, आणि लेप्टो-स्क्रब-मलेरियाच्या गर्दीत ते कसं वागतं हे आपल्याकडे तपासायला हवं. तू रेसिडेंट आहेस, थिसिसचा विषय शोधत असशील तर हा घे. दोन पावसाळ्यांचे पेशंट मी देतो.

करूळघाट, तुमचा पहिला मुद्दा वजनदार आहे. पण डेंग्यू शॉकमध्ये जायला लागला की त्यातही पीसीटी चढलेलं दिसतं. आणि कमी आकड्याचं म्हणाल तर इन्फेक्शन सुरू झाल्यावर पीसीटी चढायला काही तास लागतात आणि पूर्ण चढायला अर्धा-एक दिवस. संध्याकाळी थंडी वाजून आलेला, रात्री आठला तुमच्याकडे पोचलेला माणूस 0.3 दाखवेल आणि पहाटे कोसळेल. तुम्ही 12 तास वाट बघायची म्हणता, ती कशावर बघणार?

रेफरबद्दल. 22 दाखवून गाडी निघते हे मीही बघतो. पण 0.4 आलं आणि माणूस श्वासाला लागलेला असला, तर त्याच नातेवाइकांना काय दाखवणार? त्यांना आकड्याची सवय लागली की आकडा चांगला असलेल्या गंभीर पेशंटला घाट चढवणं अशक्य होईल.

करूळघाट:

वाट कशावर बघणार? पेशंटवर. दर दोन तासांनी बीपी, श्वास, लघवी. पीसीटी आलं की पेशंटकडे बघणं थांबतं, असं तुम्ही आणि सुरंगीताई दोघंही धरून चाललाय. माझा अनुभव तसा नाही. हातात काहीच नसलेला एकटा डॉक्टर जास्त घाबरतो, आणि घाबरलेला डॉक्टर मेरोपेनेमसारखं राखीव, जोरदार अँटिबायोटिक लावतो. तालुक्यात मेरोपेनेम आजकाल कसं वापरलं जातंय हे वाशिष्ठी सर कल्चरच्या रिपोर्टांत रोज बघत असतील.

आणि लेप्टोत पीसीटी चढतं हे तुम्ही उणं म्हणून मांडलंत. लेप्टो जिवाणूच आहे. आकडा चढला, अँटिबायोटिक गेलं, बरोबरच झालं. कुठला जिवाणू हे त्याने सांगावं अशी अपेक्षाच कशाला?

रापण:

माका डॉक्टरीतला काय कळणा नाय, पण जा बघलंय ता सांगतंय.

वडिलांना गेल्या पावसात लेप्टो झाला. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही, जिल्ह्याबाहेरचं होतं. रोज सकाळी रक्त जायचं आणि दुपारी आम्हाला एकच आकडा सांगायचे, पीसीटी. 30, मग 21, मग 13. आकडा उतरला की आम्ही घरी फोन करायचो, आई देवाला नारळ ठेवायची. लघवीची पिशवी मात्र तीन दिवस जवळजवळ रिकामी होती, तळाशी चहासारखं थोडंसं पाणी. त्याबद्दल आम्हाला कुणी बसून सांगितलं नाही. चौथ्या दिवशी एकदम डायलिसिसचा कागद सहीला आला. आम्हाला कळेचना, आकडा तर सुधारत होता!

वडील वाचले, आता शेतात जातात. पण बिलात त्या एका टेस्टचे रोजचे दोन हजारांच्या वर लागले होते. डॉक्टर लोकांना माझं एवढंच सांगणं आहे की घरच्यांना जो आकडा सांगाल तोच ते धरून बसतात. लघवी किती झाली हे सांगा, ते आम्हाला कळतं.

सुरंगी:

रापणदादा, तुमचे वडील घरी आले हे वाचून बरं वाटलं. लघवी दर तासाला मिलीमध्ये लिहायची असते आणि नातेवाइकांना सांगायची असते. आमच्या युनिटमध्ये मी ती फळ्यावर लिहायला लावलीय.

वाशिष्ठी:

यात एक तांत्रिक भाग आहे. किडनी बंद पडलेल्या माणसात पीसीटी हळू उतरतं, आणि इन्फेक्शन नसतानाही थोडं चढलेलं राहू शकतं. रापण यांच्या वडिलांचा आकडा उतरला म्हणजे जंतूंचा जोर ओसरत होता एवढंच. किडनीला बसलेला मार हा वेगळा हिशेब आहे, तो या टेस्टमध्ये दिसत नाही. ही गोष्ट रिपोर्टच्या खाली दोन ओळींत छापायला हवी. मी माझ्या लॅबच्या रिपोर्टवर या आठवड्यापासून छापतो.

मेरोपेनेमबद्दल करूळघाट बोलले ते खरं आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या क्लेब्सिएल्ला जंतूंत कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) दाद न देणारे आता नवीन राहिलेले नाहीत.

खाजणकाठ:

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी उडुपी-मंगळूरकडे झाली, आता सिंधुदुर्गात आहे. माझा आक्षेप करूळघाट यांच्यावर कमी आणि कातळसडा सरांवर जास्त आहे. पीसीटी बघून औषध थांबवणं हा जणू वाद नसलेला भाग आहे, असं सर गृहीत धरतायत.

मेलिओइडोसिसचं नाव या धाग्यात अजून कुणी घेतलं नाही. पावसाळा, ओली माती, मधुमेह, आणि न्यूमोनिया किंवा लिव्हर-स्प्लीनमध्ये गळवं. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हा ओळखीचा आजार आहे. आपली माती, आपला पाऊस आणि आपला मधुमेह काही वेगळा नाही. जंतू बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. लॅबमध्ये नवख्या माणसाला तो स्यूडोमोनास वाटतो आणि ‘कंटॅमिनंट असेल’ म्हणून टाकून दिला जातो. याला शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम किमान 10 ते 14 दिवस, गळवं असतील तर त्याहून जास्त, आणि नंतर तीन महिने तोंडाने कोट्रायमोक्साझोल. इथे पाचव्या दिवशी पीसीटी 0.4 झालं म्हणून औषध बंद केलंत, तर माणूस बरा होऊन घरी जाईल आणि काही आठवड्यांनी परत तसाच येईल, कदाचित येणारही नाही.

नेदरलँड्सच्या ज्या चाचणीचा दाखला दिलात, तिच्यात दीर्घ उपचार लागणारी इन्फेक्शन्स, क्षयरोग, परोपजीवींचे आजार हे पेशंट घेतलेच नव्हते. आमच्या वॉर्डातून तेवढे वजा केले तर उरतं कोण? ब्रिटनमधली 2024 ची अ‍ॅडॅप्ट-सेप्सिस चाचणी घ्या, 2,760 पेशंट. पीसीटीवर लक्ष ठेवल्याने अँटिबायोटिकचे दिवस सरासरी 10.7 वरून 9.8 झाले. म्हणजे एका दिवसाहून कमी. सीआरपीने काहीच फरक पडला नाही. त्या एका दिवसासाठी रोज टेस्ट करायची, तीही अशा आजारांच्या प्रदेशात जिथे नियमच तपासलेला नाही?

म्हणून बाटल्या हव्यातच, करूळघाट. लेप्टो उगवत नाही हे खरं, पण मेलिओइडोसिस उगवतो, टायफॉइड उगवतो, आणि तुमच्या क्षेत्रात काय काय आहे हे बाटल्यांशिवाय कधीच कळणार नाही. लेप्टोसाठी पहिल्या आठवड्यात जंतूचे जनुकीय अंश शोधणारी पीसीआर, नंतर अँटिबॉडी बघणारी आयजीएम. त्याला पर्याय नाही.

कातळसडा:

खाजणकाठ मॅडम, हा मुद्दा मी घेतो. थांबवायचा नियम कुणाला लावायचा नाही याची यादी फाइलच्या पहिल्या पानावर असायला हवी: कुठेही गळू, मेलिओइडोसिसची शंका, हृदयाच्या झडपेचं किंवा हाडाचं इन्फेक्शन, क्षय, प्रतिकारशक्ती खालावलेला पेशंट. पण एका दिवसाच्या फायद्याला तुम्ही फार कमी लेखताय. ब्रिटनमध्ये नेहमीच्या पद्धतीतही डॉक्टर दहा-अकरा दिवसांत थांबतात. आमच्याकडे चौदाव्या दिवशीही थांबत नाहीत, अँटिबायोटिक बदलून पुढे नेतात. ताप उतरलाय, पेशंट जेवतोय, आणि तरी औषध चालू, कारण थांबवायची जबाबदारी कुणी घेत नाही. तिथे उतरलेला आकडा डॉक्टरला आधार देतो. त्या चाचणीत मृत्यू पीसीटीच्या गटात 20.9 टक्के आणि नेहमीच्या गटात 19.4 टक्के होते, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेत थांबवणं सुरक्षित निघालं.

करूळघाट, कुठला जिवाणू हे पीसीटीने सांगावं अशी अपेक्षा कशाला, हे तुम्ही विचारलंत. कारण स्क्रब टायफस. आकडा चढला म्हणून तुम्ही सेफ्ट्रियाक्सोन दिलंत आणि समाधानाने बसलात, तर तो माणूस उपचाराविना राहिला. डॉक्सीसायक्लिन हवं. 2023 मध्ये भारतातल्याच चाचणीत दिसलं की गंभीर स्क्रब टायफसमध्ये डॉक्सी आणि अझिथ्रो दोन्ही शिरेतून दिलेलं एकेकट्यापेक्षा सरस ठरतं. आणि स्क्रबचं निदान कपडे काढून होतं. काख, जांघ, स्तनांखाली, कमरेच्या नाडीची जागा. सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली, कडेने लालसर, दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही. बायकांच्या बाबतीत संकोचाने बघितलंच जात नाही. सिस्टरांना बरोबर घेऊन पडदा ओढून बघा. ती खपली सापडली तर कुठल्याही मार्करची गरज उरत नाही.

करूळघाट:

खपली बघतो, आणि डॉक्सी पहिल्याच डोसात देतो, त्यावर आपला वाद नाही. वाद आहे तो ज्यांना काहीच द्यायची गरज नाही त्यांचा.

तुमच्या ब्लड गॅस मशीनबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी विचारतो. कार्ट्रिज फ्रिजमध्ये लागतात, मुदत थोडी, आणि वापरा किंवा नका वापरू, तारीख उलटली की फेकायच्या. आमच्याकडे वादळी पावसात वीज दोन-दोन दिवस जाते. शिवाय लॅक्टेट तरी कुठे खास सेप्सिसचं आहे? झटका येऊन गेला तरी चढतं, लिव्हर खराब असलं तरी चढतं. पीसीटीला लावलेली कसोटी लॅक्टेटलाही लावा.

कातळसडा:

लावतो. लॅक्टेट सेप्सिसचं निदान करत नाही, मीही त्यासाठी मागत नाही. शरीराला रक्तपुरवठा पुरतोय का, आणि सलाईन किंवा बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन दिल्यावर सुधारतंय का, हे बघायला मागतो. दोन तासांनी परत केलं की उत्तर मिळतं आणि त्या रात्रीचा उपचार बदलतो. पीसीटीने त्या रात्रीचा उपचार बदलत नाही. कार्ट्रिज आणि विजेची अडचण खरी आहे, त्यासाठी इन्व्हर्टर आणि फ्रिज धरूनच मागणी करावी लागेल. आणि ते जमलं नाही तर सुरंगीताई म्हणतात ती काचेची स्लाइड आजपासून वापरता येते.

मंडळाचा खजिनदार:

नमस्कार. ज्या मंडळाबद्दल लिहिलंय ते आमचंच. धागा कुणीतरी आमच्या ग्रुपवर टाकला, सगळा वाचला. आम्ही डॉक्टर नाही, गिरगाव-परळपासून विरार-डोंबिवलीपर्यंत विखुरलेले चाकरमानी आहोत. वर्गणी पाचशे-हजाराने जमते. यंत्रावर मंडळाची पाटी लागावी अशी आमच्यातल्या बऱ्याच जणांची इच्छा आहे, ती मी नाकारणार नाही. बाटल्यांवर आणि गाडीवर पाटी लावता येत नाही. पण चार वर्षांपूर्वी दिलेलं एक यंत्र रिएजंट, म्हणजे टेस्टला लागणारी रसायनं, परवडत नाहीत म्हणून झाकून ठेवलेलं आम्ही स्वतः पाहिलंय, तसं परत नको.

आम्हाला तीन गोष्टी लेखी हव्यात. वर्षाला किती टेस्ट होतील, दुसऱ्या वर्षापासून रिएजंटचा खर्च कोण करणार, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या पेशंटकडून त्या टेस्टचे वेगळे पैसे घेतले जातील का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर आम्ही ते यंत्र देणार नाही.

कातळसडा:

तिन्ही उत्तरं व्यवस्थापनाकडून लेखी घेऊन देतो. माझी विनंती अशी: या हंगामासाठी कल्चरच्या बाटल्या, त्या रोज लॅबपर्यंत नेणारी गाडी, सिस्टरांचं एक प्रशिक्षण, आणि उरलेल्यात ब्लड गॅस मशीनची पहिली रक्कम. करूळघाट यांच्यासारख्या ठिकाणी पीसीटीची काही कार्डं ठेवायलाही माझी हरकत नाही. अट एकच, कार्ड लावायच्या आधी कल्चर काढलेलं असावं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस गेलेला असावा.

करूळघाट:

शॉकमधल्या पेशंटसाठी ही अट शंभर टक्के मान्य. त्याला तासाच्या आत औषध गेलंच पाहिजे, रिपोर्टची वाट बघायची नाही.

पण बीपी ठीक असलेल्या तापाच्या पेशंटला आधी डोस देऊन मग कार्ड लावायचं असेल तर ते कार्ड कशासाठी? डोस वाचवायलाच तर ते हवंय. तुम्ही ज्या 2021 च्या सूचना सांगता, त्यांतच शॉक नसलेल्या आणि सेप्सिसची नुसती शंका असलेल्या पेशंटसाठी आधी झटपट तपासण्या करा आणि शंका टिकली तर तीन तासांच्या आत औषध द्या असं म्हटलंय. त्या तीन तासांत अर्ध्या तासाचं कार्ड बसतं. खजिनदार साहेब, आमच्या केंद्राची मागणी मी वेगळी पाठवतो: पन्नास कार्डं, आणि प्रत्येक कार्डामागे पेशंटला अँटिबायोटिक दिलं की नाही, 48 तासांनी तो कसा होता, याची वही. हंगाम संपला की वही इथेच मांडतो. कातळसडा सर आणि खाजणकाठ मॅडम, दोघांनी ती तपासावी.

खाजणकाठ:

तपासते. वहीत दोन रकाने वाढवा: मधुमेह आहे का, आणि ताप सुरू होऊन किती तास झाले. आणि कार्ड 0.5 च्या खाली आलेल्या प्रत्येकाला सातव्या दिवशी फोन करून विचारलेलं असलं पाहिजे.